काँक्रीट वाळत नाही

स्लॅब टाकून झाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "वाळायला किती दिवस लागतील?" विचारणाऱ्याचं चुकत नाही. ओलं होतं ते टणक झालं की आपण ते वाळलं असंच म्हणतो. तरीही बांधकामाच्या बोलीतला एकच शब्द बदलायची मुभा मिळाली तर मी हाच बदलेन. काँक्रीट वाळत नाही. उलट ते वाळू लागलं, तर त्याची ताकद वाढायची तिथेच थांबते.

सिमेंटमध्ये पाणी पडलं की त्यातली कॅल्शियम सिलिकेटं पाण्याशी संयोग पावतात. त्यातून अतिसूक्ष्म तंतूंचं आणि पापुद्र्यांचं एक नवं संयुग तयार होतं, आणि ते वाळूच्या कणांना, खडीला गच्च धरून ठेवतं. या अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते. जाडजूड पायाचं काँक्रीट दुसऱ्या दिवशी आतून चांगलंच तापलेलं असतं, ते यामुळे. म्हणजे यातलं बरंचसं पाणी उडून जात नाही, ते त्या दगडाचाच भाग होऊन बसतं. म्हणून तर पुलाच्या पायासाठी लांब नळीतून थेट पाण्याच्या तळाशी काँक्रीट सोडता येतं आणि ते पाण्यात बुडालेलं असतानाच घट्ट होतं.

साइटवरची माणसं याबाबतीत जास्त नेमकं बोलतात. आधी माल 'सेट' होतो आणि मग त्याला 'ताकद येते'. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सेट होणं म्हणजे मालाचा ओघळण्याचा गुण जाणं. ते काही तासांत उरकतं. ताकद मात्र आठवडेच्या आठवडे वाढत राहते. तिचं माप 28 दिवसांनी घ्यायचा रिवाज आहे, पण त्यानंतरही ती सावकाश वाढतच असते.

तेवढे दिवस आतलं पाणी आत राहावं म्हणून 'पाणी मारतात'. पुस्तकात याला क्युरिंग म्हणतात. 'मारणं' या क्रियापदामुळे सकाळ-संध्याकाळ पाइप फिरवला की काम झालं असं वाटतं, आणि मधल्या वेळात ऊन-वारा पृष्ठभाग कोरडा करून टाकतात. स्लॅबवर छोटे बांध घालून पाणी तुंबवून ठेवणं, खांबांना ओली गोणपाटं गुंडाळणं हे खरं क्युरिंग. किमान 7 दिवस, आणि राख किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेलं सिमेंट असेल तर त्याहून जास्त.

आता याच पाण्याची दुसरी बाजू. बाहेरून पाणी जितकं सढळ हातानं द्यावं, तितकंच आत ओतताना मोजून ओतावं. पाण्याचं वजन भागिले सिमेंटचं वजन, हे गुणोत्तर काँक्रीटची ताकद मोठ्या प्रमाणात ठरवतं. अमेरिकन अभियंता डफ अब्राम्स यांनी 1918 मध्ये हे प्रयोगांतून मांडलं. 50 किलोच्या गोणीला 25 लिटर पाणी, तर गुणोत्तर 0.5. 'माल घट्ट झालाय, थोडं पाणी सोड' असं म्हणत कुणी आणखी 5 लिटर ओतलं की ते 0.6 होतं. सिमेंटला रासायनिक दृष्ट्या लागणारं पाणी यापेक्षा बरंच कमी असतं. उरलेलं पाणी पुढे निघून जातं आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. मालाचा पातळपणा तपासायला 30 सेंटिमीटर उंचीचा पत्र्याचा शंकू असतो. तो भरायचा, सरळ वर उचलायचा आणि आतला ढीग किती बसला ते मोजायचं. या बसण्याला 'स्लंप' म्हणतात. माल पातळ हवाच असेल तर त्यासाठी रसायनं मिळतात, पाणी हा त्यावरचा उपाय नाही.

एम 20, एम 25 हे आकडे बऱ्याच जणांनी ऐकलेले असतात, पण त्यांचा अर्थ फारसा कुणी सांगत नाही. एम म्हणजे मिश्रण. 20 म्हणजे 28 दिवसांच्या ठोकळ्यानं दर चौरस मिलिमीटरला 20 न्यूटन दाब सोसावा ही अपेक्षा. ठोकळ्याची बाजू 150 मिलिमीटर असते, म्हणजे त्या एवढ्याशा ठोकळ्यावर सुमारे 45 टन!

दाब सोसणारं हे काँक्रीट ताणाला मात्र फार कच्चं. दाबाच्या ताकदीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढी त्याची ताणाची ताकद. दोन खांबांवर टेकलेली तुळई भारानं वाकते तेव्हा तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. म्हणून मुख्य सळया तिथे खाली. छज्जा किंवा बाल्कनी एकाच टोकाला धरलेली असते, ती पुढे झुकू पाहते, त्यामुळे तिथे ताण वर येतो आणि मुख्य सळयाही वरच हव्यात. अभियंते याला कँटिलिव्हर म्हणतात. माल ओतताना माणसं त्या सळयांवरून चालली, त्या दबून खाली गेल्या, तर सळया पुरेशा असूनही छज्जा धोक्याचा होतो. त्या वर राहाव्यात म्हणून खाली सळईचेच वाकवलेले पाय ठेवतात. त्यांना 'चेअर' म्हणतात. नाव साधं आहे, पण छज्जाखाली उभ्या राहणाऱ्याचा जीव त्यावर अवलंबून असतो.

'कव्हर', म्हणजे सळईच्या बाहेरचा काँक्रीटचा थर, हा शब्दही असाच फसवा. सळई नुसती झाकायची म्हणून ते नसतं. ताजं काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असतं, त्याचा सामू साडेबाराच्या वर. अशा वातावरणात पोलादावर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत झिरपत ही अल्कता कमी करत जातो. तो सळईपर्यंत पोहोचायला किती काळ लागेल हे कव्हरची जाडी आणि काँक्रीटची घनता ठरवतात. एकदा गंज धरला की तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि काँक्रीटला आतून फोडतो.

अशा वेळी आपण सरसकट 'क्रॅक गेलाय' म्हणतो. मराठीजवळ याहून चांगली सोय आहे. जमीन सुकली की भेगा पडतात, काचेला धक्क्यानं तडा जातो, आणि चीर ही केसासारखी बारीक असते. ओल्या स्लॅबचं पाणी उन्हात झपाट्यानं उडालं की पडतात त्या भेगाच. तुळईच्या टोकाशी, आधाराजवळ तिरका जातो तो तडा, आणि तो दिसला तर अभियंत्याला लगेच बोलवावं. सळईच्या रेषेनं सरळ धावणारी, तांबूस डाग असलेली चीर गंजाची असू शकते.

अभियंते भेगेला 'जिवंत' असंही म्हणतात, म्हणजे अजून वाढणारी. ते ओळखायला फार काही लागत नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून शेजारी तारीख लिहायची आणि भेगेवर आडवी एक काचेची पातळ पट्टी पक्की चिकटवून ठेवायची. महिन्याभरानं रेघ खुणेच्या पुढे सरकलेली दिसली किंवा काच फुटली, तर वरून गिलावा करून ती झाकू नये.