सोनं हप्त्यावर आणि घर हप्त्यावर: गल्लत नेमकी कुठे होते

“घर हप्त्यावर चालतं, मग सोनं का नाही?” असं इस्लामी नियमांबद्दल एक जण विचारतो. दुसरा ठणकावून सांगतो, “सोनं हप्त्यावर हराम (निषिद्ध), म्हणजे घरही हराम.” दोघांचीही गल्लत एकच: हप्ता म्हणजेच व्याज, असं ते धरून चालतात.

घराचं बहुतेकांना ठाऊक असतं. मुराबहात, म्हणजे नफा धरून विक्रीच्या करारात, बँक आधी घर स्वतः विकत घेते, तेवढ्या काळाची जोखीम अंगावर घेते आणि नफा धरून ते तुम्हाला उधार विकते. उधारीची किंमत रोखीपेक्षा जास्त असली तरी बहुसंख्य फकीहांना, म्हणजे इस्लामी कायद्याच्या विद्वानांना, ती मान्य आहे. मात्र एकदा ठरलेली किंमत हप्ता थकला म्हणून वाढवता येत नाही.

सोन्याचा नियमच वेगळा. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहात पैगंबरांचे साथी उबादा बिन सामित यांनी सांगितलेली हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनाची नोंद, आहे. तिच्यात सहा वस्तू येतात: सोनं, चांदी, गहू, जव, खजूर, मीठ. सोन्याच्या बदल्यात सोनं घेताना वजन सारखं हवं आणि व्यवहार हातोहात हवा. सोन्याच्या बदल्यात चांदी घेताना वजन कमीजास्त चालतं, पण हातोहातची अट सुटत नाही. म्हणजे एक पैसाही जादा न घेता दिलेली मुदतसुद्धा इथे रिबा, म्हणजे निषिद्ध व्याजाचा व्यवहार, ठरते. “पण सराफ व्याज कुठे घेतो?” हा युक्तिवाद म्हणूनच मला अजिबात पटत नाही. इथे हरकत मुदतीलाच आहे.

आता नोटांचं काय? आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह (धर्मकायदा) अकादमीने 1986 साली अम्मानमध्ये ठराव केला, की रिबाच्या बाबतीत कागदी चलनाला सोन्याचांदीचेच नियम लागू. इस्लामी वित्तसंस्थांसाठी मानकं ठरवणाऱ्या आयोफीचं 2016 चं सोन्यावरचं मानक, क्रमांक 57, हीच भूमिका घेतं: पैसे आणि सोन्याचा ताबा एकाच बैठकीत. हनफी पंथातले काही विद्वान नोटांना हा दर्जा देत नाहीत आणि उधारीला वाट ठेवतात. त्यांचं मत मानायचं तर ते त्यांचं मत आहे हे जाणून मानावं. जाहिरातीत ‘व्याजमुक्त’ लिहिलंय म्हणून नव्हे.

हाच नियम दागिने मोडताना विसरला जातो. जुनी दहा ग्रॅमची बांगडी दिली, तेवढ्याच वजनाची नवी घेतली आणि वर घडणावळ मोजली, तर बहुसंख्यांच्या मते तो रिबा झाला. उपाय हदीसमध्येच आहे. खैबरच्या चांगल्या खजुरासाठी हलका खजूर दुप्पट मापाने दिला जात होता. पैगंबरांनी ते थांबवलं आणि सांगितलं, आधी हलका खजूर विका, मग त्या पैशांतून चांगला घ्या. तसंच इथेही: मोडीचे पैसे हातात घ्या, मग नवा दागिना.

जकातीचा, म्हणजे संपत्तीवरच्या सक्तीच्या दानाचा, फरक सोपा आहे. निसाबाएवढ्या, म्हणजे जकात लागू होण्याच्या किमान मर्यादेएवढ्या, साधारण 85 ग्रॅम सोन्यावर वर्षाला अडीच टक्के. भाड्याने दिलेल्या घराच्या किमतीवर जकात नाही. भाड्यातून साठलेल्या पैशांवर असते.

ताबा म्हणजे सोनं घरीच आणलं पाहिजे असं नाही. तिजोरीतली अमुक क्रमांकाची लगड तुमच्या नावे वेगळी काढलेली असेल, तर तो हुकमी ताबा, म्हणजे हातात न घेताही नियमाने मानलेला ताबा, झाला. पण कंपनीच्या खात्यात ‘इतके ग्रॅम जमा’ एवढीच नोंद असेल आणि त्यामागे सोनं बाजूला काढलेलंच नसेल, तर तुमच्याकडे आहे ते कंपनीकडचं येणं. पैसे भरण्याआधी लगडीचा क्रमांक मागा.