पटिंगचा पवित्रा

पटिंगचा पवित्रा : गोल्फमध्ये ग्रीनवरचा, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावरचा, चेंडू पटर या काठीने होलकडे (खळग्याकडे) घरंगळवण्याआधी खेळाडू पाय, कंबर, खांदे, डोळे आणि हात यांची जी बैठक जमवतो ती. चेंडू पायांच्या तुलनेत कुठे आहे आणि पटरचे तोंड कुठे रोखले आहे, हेही त्यातच येते. खेळाडू बोलताना ‘स्टान्स’ आणि ‘सेटअप’ असे म्हणतात. ७२ पारच्या, म्हणजे अठरा होल ७२ फटक्यांत पुरे व्हावेत अशा मैदानात दर होलमागे दोन पट (पटरचे फटके) धरलेले असतात, म्हणजे हिशेबाने निम्मे फटके ग्रीनवरचे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली, पदक एका फटक्याने हुकले. लांब ड्राइव्ह (होलच्या सुरुवातीचा दूरचा फटका) मारणाऱ्यांच्या बरोबरीने तिला उभे ठेवले ते पटिंगने.

होलचा व्यास १०८ मिमी. सपाट ग्रीनवर तीन मीटरवरून चेंडू होलकडच्या रेषेपासून एकच अंश कलून निघाला, तर होलपाशी तो सुमारे ५२ मिमी बाजूला गेलेला असतो. होलची त्रिज्या ५४ मिमी, म्हणून वेग अगदी मेलेला असेल तरच तो काठावरून आत पडतो. सहा मीटरवर हीच चूक १०५ मिमीची होते आणि होल हुकतोच. चेंडू कोणत्या दिशेला सुटणार हे मुख्यतः आघाताच्या क्षणी पटरचे तोंड कुठे वळले आहे यावर ठरते. ते तोंड सरळ येण्याची तयारी पवित्र्यातच झालेली असावी लागते.

पुढचे वर्णन उजव्या हाताने खेळणाऱ्याचे आहे. डावखुऱ्याने उजवे-डावे उलट घ्यावे.

सगळ्यात फसवी गोष्ट डोळ्यांची. डोळे चेंडूच्या बरोबर वर किंवा किंचित पायांच्या बाजूला असावेत. ते रेषेच्या पलीकडे गेले किंवा फार अलीकडे राहिले की रेषा तिरकी दिसू लागते आणि खेळाडू मनापासून सरळ समजून चुकीकडे नेम धरतो. कोणाला ती डावीकडे दिसते, कोणाला उजवीकडे. पवित्रा घेऊन दोन डोळ्यांच्या मधून दुसरा चेंडू खाली सोडला की खरे काय ते कळते. तो खालच्या चेंडूवर किंवा त्याच्या जरा अलीकडे पडला पाहिजे.

डोळे तिथे आणायचे ते मान खाली घालून नव्हे. कमरेतून वाकावे, गुडघे जरासे सैल सोडावेत, दंड खांद्यांखाली मोकळे लोंबू द्यावेत. चेंडूपासून लांब उभे राहिले तर हात खाली जातात, पटरचे टोक (पायांपासून दूरची बाजू) जमिनीवरून उचलले जाते आणि तोंड थोडे डावीकडे पाहू लागते. फार जवळ उभे राहिले तर पटरची टाच (पायांकडची बाजू) उचलली जाऊन उलट घडते. पाय साधारण खांद्यांइतके फाकलेले आणि भार दोन्हींवर असला की पुरे. पायांची दिशा थोडी वाकडी असली तरी चालते, खांद्यांची चालत नाही, कारण पटर खांद्यांच्या दिशेनेच फिरतो. नेहमीच्या पकडीत उजवा हात खाली असतो. तो पुरवताना उजवा खांदा नकळत पुढे येतो आणि खांद्यांची रेषा डावीकडे वळते. डावा हात खाली घेण्याची पकड अनेकांना लाभते ती यामुळेच. तिने खांदे सहज समांतर राहतात.

चेंडू पायांच्या मध्यापासून थोडा डाव्या पायाकडे असावा. पटरच्या तोंडाला साधारण दोन ते चार अंशांचा लॉफ्ट (वरच्या दिशेचा कल) असतो, कारण चेंडू स्वतःच्या वजनाने गवतात किंचित बसतो आणि त्याला तिथून अलगद उचलावे लागते. चेंडू मागे राहिला किंवा हात फार पुढे दाबले तर हा लॉफ्ट मरतो आणि चेंडू गवतात दाबला जाऊन उसळतो.

थोर खेळाडूंचे पवित्रे एकसारखे नाहीत. जॅक निक्लॉस खूप वाकून, डोके चेंडूच्या मागे ठेवून उभा राहत असे. सॅम स्नीड तर रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून, क्रोके या खेळात मारतात तसा पट मारू लागला. ही तऱ्हा १९६८ पासून नियमबाह्य ठरली. पटरचा दांडा किंवा पकडलेला हात अंगाला टेकवून मारण्यावर १ जानेवारी २०१६ पासून बंदी आहे. पाय जुळवण्यासाठी जमिनीवर क्लब (गोल्फची काठी) आडवा ठेवला तर स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात, दोन फटक्यांचा दंड बसतो. चेंडूवर आखलेली रेघ मात्र चालते.

म्हणून दोरी, आरसा आणि टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) यांची मदत सरावापुरतीच. दीड मीटरचा सरळ पट निवडून चेंडूपासून होलपर्यंत दोरी ताणावी आणि पटरचे तोंड तिच्याशी काटकोनात ठेवावे. पवित्रा सुधारल्यावर पहिले काही पट बहुधा हुकतात, आणि इथेच बरेच जण जुन्याकडे परततात. जुना पवित्रा उजवीकडे रोखलेला असेल, तर हातांनी फटक्यात तोंड डावीकडे वळवून भरपाई करण्याची सवय लावून घेतलेली असते. पवित्रा सरळ झाला तरी हात ती भरपाई करतच राहतात, म्हणून चेंडू डावीकडे जातो. तेव्हा पवित्र्याला हात न लावता, होलकडे न पाहता, दोरीखाली चेंडूचा पहिला वीतभर प्रवास तेवढा पाहावा.