काढून टाकलेली ओळ शोधायची कशी? एडिटरमधूनच!

आम्ही बनवून दिलेल्या सॉफ्टवेअरसोबत तुम्हाला पूर्ण गिट रेपॉझिटरी मिळते, म्हणजे कोड आणि त्यातल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या ‘गिट’ या साधनाचा सगळा साठा. पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक बदल, कुणी आणि कधी केला यासकट, तुमच्याच कंप्युटरवर असतो. तुमच्याकडे जे कोड सांभाळतात, त्यांच्यासाठी हे माहितीपत्रक.

समजा, बिलाची रक्कम पूर्ण रुपयांत करणारी ओळ आधी होती, आता दिसत नाही. इथे कंट्रोल-एफ कामाचं नाही. ते आजच्या फाइलमध्ये शोधतं आणि ओळ उरलीय फक्त इतिहासात.

व्हीएस कोड हा एडिटर वापरत असाल तर गिटलेन्स हे एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्रॅम) घाला. कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून ‘सर्च कमिट्स’ निवडा. कमिट म्हणजे गिटमध्ये नोंदवलेला एकेक बदल, आणि त्यासोबत लिहिलेली टीप म्हणजे कमिट मेसेज. शब्दाआधी =: लिहिलं तर कमिट मेसेजमध्ये शोध होतो, @: लिहिलं तर बदल करणाऱ्याच्या नावात आणि ~: लिहिलं तर प्रत्यक्ष बदललेल्या कोडमध्ये. आमचा आग्रह ~: चा. मेसेज माणूस लिहितो आणि घाईत ‘किरकोळ दुरुस्ती’ एवढंच लिहून मोकळा होतो. कोडमध्ये काय बदललं ते मात्र गिट जसंच्या तसं जपतं.

ईमॅक्स या एडिटरमध्ये हेच काम मॅगिट हे पॅकेज करतं, आणि फार छान करतं. मॅगिटच्या स्टेटस बफरमध्ये (मुख्य खिडकीत) एल दाबलं की लॉगचा, म्हणजे कमिटच्या यादीचा, मेनू उघडतो. तिथे डॅश-एस (एस कॅपिटलच हवा) देऊन मजकूर टाका आणि शेवटी पुन्हा एल दाबा. तो मजकूर ज्या कमिटमध्ये नव्याने आला किंवा निघून गेला, तेच कमिट दिसतील. ओळ त्याच फाइलमध्ये नुसती वरखाली हलवली असेल तर हा शोध तिला पकडत नाही, कारण मजकूर किती वेळा येतो ती संख्या तेवढीच राहते. अशा वेळी डॅश-जी (जीही कॅपिटलच) वापरा. बदल दुसऱ्या ब्रँचवर (कोडच्या वेगळ्या शाखेवर) झाल्याची शंका असेल तर शेवटी एलऐवजी बी दाबा, म्हणजे सगळ्या ब्रँच तपासल्या जातात. विम या एडिटरमध्ये फ्युजिटिव्ह प्लगइनलाही हेच पर्याय देता येतात.

काहीच सापडत नसेल तर रेपॉझिटरी अपुरी उतरवलेली नाही ना, ते आधी बघा. ‘डेप्थ १’ देऊन क्लोन केलं (रेपॉझिटरीची प्रत उतरवली) की फक्त शेवटचा कमिट येतो. ‘गिट फेच’ला ‘अनशॅलो’ पर्याय दिला की उरलेला इतिहासही येतो.

कमिट सापडला, पण तो का केला हे कळत नसेल, तर त्याच्या हॅशची (कमिटच्या ओळख-क्रमांकाची) पहिली सात अक्षरं आम्हाला पाठवा.