रेटिंग खाली म्हणजे इंजिन कच्चं? तसं नसतं

सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय, की ज्या गाडीचं क्वालिटी रेटिंग खाली ती रस्त्यात बंद पडणार, इंजिन-गिअरबॉक्स कच्चा. असं वाटणं साहजिक आहे, क्वालिटी म्हटलं की आपल्याला आधी इंजिनच आठवतं.

पण रेटिंग बनतं कसं ते बघा. अशा सर्व्हेत नवीन गाडीच्या मालकांना, बऱ्याचदा पहिल्या ९० दिवसांतच, काय काय त्रास झाला ते विचारतात आणि दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी आल्या तो आकडा काढतात, आकडा कमी तेवढं चांगलं. आता ब्लूटूथ जोडलं जात नाही ही एक तक्रार आणि गिअर अडकतो हीपण एकच तक्रार. शिवाय मोडलेलं काहीच नसलं, नुसतं एसीचं बटण स्क्रीनच्या मेनूत लपलंय आणि सापडत नाही, तरी तेही मोजलं जातं. अमेरिकेतल्या सर्व्हेत गेली काही वर्षं इन्फोटेनमेंटच्या, म्हणजे स्क्रीन, ब्लूटूथ, फोन जोडणी वगैरेंच्या तक्रारी सगळ्यात जास्त असतात, म्हणून महागड्या गाड्याही घसरतात.

हा त्रास किरकोळ नाही हं, घोडबंदर रोडवर बाइकवाले दोन्ही बाजूंनी घुसत असताना स्क्रीनमध्ये बटण शोधणं धोक्याचंच आहे.

तपासायचं तर एकूण आकड्यावर थांबू नका, इंजिन, ब्रेक, इन्फोटेनमेंट अशी विभागणी दिली असेल तर ती बघा. आणि टेस्ट ड्राइव्हला स्वतःचा फोन जोडा, गाडी बंद करून परत चालू करा, फोन आपोआप जोडला जातो का, रिव्हर्स कॅमेरा लगेच येतो का ते बघा.