पक्षाघाताचा रुग्ण रात्री दाखल होतो तेव्हा

पक्षाघाताचा रुग्ण कॅज्युअल्टीत आला की डॉक्टर नातेवाइकांना अगदी सुरुवातीलाच विचारतात, "यांना शेवटचं धडधाकट कधी पाहिलंत?" त्रास कधी लक्षात आला, एवढं कळून भागत नाही. रात्री अकराला झोपलेला माणूस पहाटे सहाला वाकड्या तोंडाने उठला, तर उपचारांचं घड्याळ अकरापासूनच धरावं लागतं. साधारण पाचातल्या एका रुग्णाला हा झटका असा झोपेतच येतो.

मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा २००६ सालचा एक अंदाज आहे. म्हणूनच एवढी घाई. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देतात आणि त्या साडेचार तासांतही जितकं लवकर, तितका गुण जास्त. तारेच्या जाळीने गुठळी ओढून काढण्याचा उपचार काही निवडक रुग्णांना २४ तासांपर्यंत उपयोगी पडतो, हे २०१८मध्ये सिद्ध झालं.

हे झालं रुग्णाचं घड्याळ. रुग्णालयाचंही एक घड्याळ असतं: पाळ्या बदलतात, रविवारी वॉर्डात माणसं कमी असतात, रात्री तज्ज्ञ फोनवर असतात. त्याचा रुग्णाच्या जीवावर परिणाम होतो का? कॅनडातल्या २००७च्या एका मोठ्या अभ्यासात शनिवार-रविवारी दाखल झालेल्यांचे मृत्यू जास्त दिसले. पण त्यावरून लगेच रुग्णालयाला दोष देता येत नाही. रविवारी येतं कोण, हेही बघावं लागतं. ज्याच्या हाताला नुसत्या मुंग्या आल्यात तो 'उद्या सोमवारी दाखवू' म्हणतो, आणि जो कोसळला त्याला लगेच आणतात. त्यामुळे सुट्टीच्या दिवशीचे रुग्ण मुळातच जास्त गंभीर असू शकतात. आजाराची तीव्रता हिशेबात न धरता केलेली तुलना म्हणूनच फसवी ठरते.

इंग्लंड आणि वेल्समधल्या ७४ हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१६मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात आठवड्याचा तास न् तास तपासला होता. सुट्टीच्या आणि कामाच्या दिवशी दाखल झालेल्यांच्या तीस दिवसांनंतरच्या जगण्यात फरक आढळला नाही. कामाच्या दिवशी रात्री दाखल झालेल्यांचं जगण्याचं प्रमाण मात्र थोडं कमी भरलं. शिवाय स्कॅन, इंजेक्शन, गिळण्याची तपासणी या प्रत्येकाच्या दर्जाचा चढउतार वेगवेगळ्या वेळी होता.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्याआधीचा, २०१४चा इंग्लंडमधलाच अभ्यास. सुट्टीच्या दिवशी तज्ज्ञ डॉक्टर राउंड घेतात की नाही, याचा मृत्यूंशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो परिचारिकांच्या संख्येशी. दहा खाटांमागे तीन परिचारिका असलेल्या ठिकाणी शनिवार-रविवारी दाखल झालेल्या रुग्णाचा महिनाभरातल्या मृत्यूचा धोका ११.२ टक्के होता. दीडच परिचारिका असेल तिथे १५.२ टक्के. अशा अभ्यासातून कार्यकारण पक्कं सिद्ध होत नाही, पण वॉर्डात काय घडतं ते पाहिलं की आकडे पटतात.

गिळण्याची तपासणीच घ्या. सिस्टर रुग्णाला नीट बसवते, चमचाभर पाणी देते, घोट उतरताना गळ्याकडे पाहते. मग बोलायला लावते. आवाज ओलसर, घरघरता झाला किंवा ठसका लागला, तर तोंडाने काहीही द्यायचं नाही, कारण पाणी किंवा घास श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होतो. पक्षाघातानंतरच्या मृत्यूंचं ते एक मोठं कारण आहे. काम काही मिनिटांचं, पण एकटी सिस्टर वीस रुग्ण सांभाळत असेल, तर ती मिनिटं आणायची कुठून?

हे वाचून कुणी रात्रीचं जायला नको असं ठरवू नये. रुग्णालयाच्या रात्रीमुळे पडणारा फरक लहान आहे. सकाळची वाट पाहत घरी घालवलेल्या सहा तासांत इंजेक्शनची वेळच टळते. तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं अडखळलं, तर घड्याळात कितीही वाजले असोत, त्याच क्षणी निघायचं.

वेळ कमी करता येते, हे फिनलंडमधल्या हेलसिंकीने दाखवलं. रुग्ण दारात आल्यापासून इंजेक्शन देईपर्यंत तिथे १९९८मध्ये १०५ मिनिटं लागत. २०११मध्ये २० लागू लागली. रुग्णवाहिकेतून आधीच निरोप येतो, रुग्णाला थेट सीटी स्कॅनच्या टेबलावर नेतात, इंजेक्शनही तिथेच देतात. मेलबर्नच्या एका रुग्णालयाने हीच पद्धत उचलली, तेव्हा कामकाजाच्या वेळेत हा काळ २५ मिनिटांवर आला. रात्री आणि सुट्टीला मात्र फारसा फरक पडला नाही. हेलसिंकीत रुग्ण वाटेत असतानाच घरच्यांना मोबाइलवर गाठतात आणि विचारतात, यांना शेवटचं धडधाकट कधी पाहिलंत?