एकच गोळी, एकच डोस, मग एकाला बरं आणि दुसऱ्याला त्रास का?

स्किझोफ्रेनियाचा पेशंट असलेल्या घरात हा प्रश्न कधी ना कधी येतोच, की ज्या गोळीने दुसऱ्या कुणाला एवढा फरक पडला तिनेच आमच्या माणसाचं अंग का आखडलं, हात का थरथरायला लागले. आणि वर बोलणी पेशंटलाच बसतात, तू गोळ्या नीट घेत नसशील, मनावर घेत नाहीस. मला हे फार लागतं, म्हणून मागचा इतिहास लिहितेय.

१९५२ मध्ये पॅरिसच्या सांत-आन हॉस्पिटलमध्ये दले आणि दनिकर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन वापरलं आणि अँटिसायकोटिक, म्हणजे भास-भ्रम कमी करणाऱ्या औषधांचा काळ सुरू झाला, १९५८ ला बेल्जियममध्ये पॉल यान्सेनच्या टीमने हॅलोपेरिडॉल बनवलं. डोस मात्र अंदाजानेच, देऊन बघायचं, त्रास झाला तर कमी करायचं. त्याच दशकात, १९५७ ला, अमेरिकेत आर्नो मोटुल्स्कींनी लिहिलं होतं की औषधाचा उलटा परिणाम आनुवंशिकही असू शकतो, आणि १९५९ ला जर्मनीच्या फोगेल यांनी या विषयाला फार्माकोजेनेटिक्स हे नाव दिलं.

खरी कलाटणी मिळाली ती ब्लडप्रेशरच्या औषधामुळे. १९७० च्या दशकात लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधल्या रॉबर्ट स्मिथ यांनी डेब्रिसोक्विन सहकाऱ्यांसोबत स्वतःवरच ट्राय केलं. बाकीचे ठीक, पण स्मिथ यांचं बीपी एवढं पडलं की त्यांना उभंही राहवेना. त्यांचं शरीर ते औषध मोडूच शकत नव्हतं. तिकडे जर्मनीत आयशेलबाउम यांना स्पार्टीन नावाच्या औषधाबाबत असंच दिसलं, आणि पुढे कळलं की दोन्हीकडे औषध मोडणारं लिव्हरमधलं एकच एन्झाइम आहे, सीवायपी२डी६. त्याचं जीन १९८८ ला हाती लागलं.

आता यात मेख अशी की हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, अॅरिपिप्राझोल ही स्किझोफ्रेनियाची औषधंही बऱ्याच अंशी हेच एन्झाइम मोडतं. युरोपियन लोकांत साधारण ५ ते १० टक्के जणांत ते चालतच नाही, म्हणजे नेहमीचा डोसही रक्तात साचत जातो. काहींकडे उलट त्या जीनच्या जास्तीच्या कॉपी असतात, औषध काम करायच्या आधीच संपतं आणि फाइलवर शेरा पडतो की गुण नाही. पूर्व आशियात एन्झाइम पूर्ण बंद असलेले लोक कमी, पण मंद चालणारे खूप, त्यामुळे युरोपचे आकडे जसेच्या तसे सगळीकडे लावता येत नाहीत. २०१९ मध्ये नॉर्वेतल्या पेशंट्सच्या मोठ्या अभ्यासात दिसलं की रिस्पेरिडोन बदलावं लागण्याचं प्रमाण या दोन्ही टोकांच्या लोकांत जास्त होतं.

क्लोझापिन या अँटिसायकोटिकची गोष्ट वेगळी. १९७५ ला फिनलंडमध्ये त्यावर असलेल्या काही पेशंट्सच्या पांढऱ्या पेशी धोकादायक कमी झाल्या, मृत्यू झाले, आणि बऱ्याच देशांत ते मागे पडलं. १९८९ ला अमेरिकेत त्याला रक्ततपासणीच्या अटीवर मंजुरी मिळाली, पांढऱ्या पेशी ठरलेल्या आकड्याखाली गेल्या की औषध बंद. पण आफ्रिकन वंशाच्या अनेकांच्या पांढऱ्या पेशी जन्मतःच, एका जीनमुळे, कमी असतात आणि त्यांना त्यामुळे काही होत नाही, तरी त्याच आकड्यामुळे कित्येकांना हे औषध नाकारलं गेलं किंवा बंद केलं गेलं. त्यांच्यासाठी वेगळी मर्यादा अमेरिकेत आली २०१५ ला. इतकी वर्षं गेली, तीही बाकी काही लागू न पडणाऱ्या पेशंट्ससाठीच्या औषधाबाबत!

आज सीवायपी२डी६ न चालणाऱ्यांना अॅरिपिप्राझोलचा डोस निम्मा करा असं अमेरिकेतल्या लेबलवरच आहे. मात्र कुठली गोळी लागू पडेल हे जीन टेस्ट सांगत नाही, ती मुख्यतः औषध शरीरात किती साचेल याचा अंदाज देते, आणि तोही सगळ्या औषधांसाठी नाही. क्लोझापिन आणि ओलान्झापिन मोडणारं एन्झाइम तर सिगरेटच्या धुराने जोरात चालतं, त्यामुळे पेशंटने सिगरेट अचानक सोडली की त्याच डोसवर रक्तातली लेव्हल चढते, हे डॉक्टरांना लगेच सांगायला हवं, गोळी आपल्या मनाने कमी-जास्त न करता.