नखावर पांढरा ठिपका म्हणजे कॅल्शियम कमी? नाही हो

थंडी पडली की बेळगाव-खानापूरकडं हे ठरलेलंच, हात खरखरीत, नखं तुटायला लागतात, त्यात एखादा पांढरा ठिपका दिसला की घरातली मोठी माणसं लगेच म्हणणार, कॅल्शियम कमी पडलंय की गं तुला, गोळ्या आण. आता नख बनतं केराटिन नावाच्या प्रोटीनपासून, कॅल्शियम त्यात नावापुरतंच. ठिपका बहुतेक वेळा मुळाशी लागलेल्या बारीक माराचा असतो, दारात बोट चेमटलं, नखं खायची सवय, पार्लरात क्युटिकल (नखाच्या मुळाशी असलेली पातळ कातडी) जोरात मागं ढकलली, असलं काहीतरी, आणि हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटरच वाढतं त्यामुळं ठिपका वर दिसेपर्यंत तो मार आपण विसरलेलो असतो. ठिपका सरकत सरकत टोकाला जातो आणि नेलकटरनं कापला जातो, गोळी घेतली काय नि न घेतली काय (श्रेय मात्र गोळीला!). दूध प्या की, पण हाडांसाठी.

मग थंडीत नखं का तुटतात? सारखं ओलं-सुकं होऊन. भांडी, धुणं, साबण, वरनं कोरडी हवा, मग टोकाला थर सुटून पापुद्रे निघतात. भांड्याला रबरी हातमोजे घाला, हात पुसून जरा ओलसर असतानाच व्हॅसलीन लावा, नखाच्या मुळाशी पण. लिंबू चोळायचं तेवढं सोडा, भेगांना झोंबतं नुसतं. सगळीच नखं पांढरी किंवा जाड-पिवळी झाली तर मात्र स्किनच्या डॉक्टरांना दाखवा.